दहा वार

वर्ध्याच्या काळ्या मातीवर पावसाळ्यात फक्कीची रेघ टिकत नाही, आणि शाळांचे फुटबॉल सामने असतात ते नेमके पावसाळ्यात. सुब्रतो चषकाच्या तालुका-जिल्हा फेऱ्या लागतात तेव्हा सकाळी मारलेली डीची रेघ पहिल्या सामन्याच्या मध्यंतरापर्यंत पांढरट चिखल होऊन गेलेली असते. मधलं वर्तुळ आखायच्या भानगडीत तर कोणी पडतच नाही. अशा मैदानांवर मी काही वर्षं हौसेनं शिट्टी वाजवली. परीक्षा दिलेला रेफरी मी नव्हतो. ओळखीतले क्रीडाशिक्षक म्हणायचे, "उद्या जरा उभे राहा ना सर," आणि मी उभा राहायचो.

त्या उभं राहण्यात एक प्रसंग इतक्यांदा पाहिला की पुढचं प्रत्येक वाक्य मला पाठ झालं. गोलापासून वीसेक मीटरवर एका पोराला पाडलं जातं. मी शिट्टी वाजवतो. पोरगं उठतं, चड्डीचा चिखल झटकतं, चेंडू ठेवतं. तेवढ्यात ज्यानं पाडलं तोच, किंवा त्याचा जोडीदार, चेंडूच्या पुढ्यात येऊन उभा राहतो. दीड हातावर. दोन्ही हात वर, चेहरा असा की जणू मंदिरात आला आहे. पडलेलं पोरगं माझ्याकडे बघतं, "सर, याले मांगं घ्या ना." मी म्हणतो, "थांब आता, शिट्टीवर मारजो." मग मी चिखलातून दहा पावलं मोजत जातो, आणि माझी पाठ वळल्यावर मागे अकराच्या अकरा जण आपापल्या जागी येऊन बसतात. भिंत बांधली जाते. गोली दांड्याला टेकून एक डोळा मिटून तिची जागा ठरवतो. मी वळून बघतो तर भिंत माझ्या दहाव्या पावलावरून सातव्यावर आलेली.

आता हिशेब बघा. चूक कोणाची? त्यांची. वेळ कोणाला मिळाला? त्यांना. आणि तो मिळाला केव्हा, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं आपला हक्क मागितला तेव्हा. त्यानं मागितलं नसतं तर मी थांबवलं नसतं. या लेखात मला म्हणायचं आहे ते एवढंच. फुटबॉलच्या तेराव्या नियमात फ्री किकसाठी दहा वारांचं अंतर सांगितलं आहे, ते अंतर ठीक आहे, पण ते मागून घ्यावं लागतं. मागायला लागलं की त्याची किंमत निम्मी होते.

'वार' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. इंग्रजांच्या यार्डाला आपल्याकडे कापडाच्या दुकानात वार म्हणतात. हिंगणघाट-पुलगावसारख्या गिरणगावांच्या जिल्ह्यात तरी तो कोणाला समजावून सांगायला नको. नऊवारी लुगडं जमिनीवर सरळ अंथरा, त्याच्या पदराला आणखी एक वार जोडा, की फ्री किकचं अंतर झालं. मीटरमध्ये 9.15. मोठ्या मैदानावरच्या मधल्या वर्तुळाची त्रिज्या तेवढीच असते, आणि डीबाहेर जी चंद्रकोर दिसते तीही पेनल्टीच्या ठिपक्यापासून तेवढ्याच अंतरावर काढलेली असते. म्हणजे चांगल्या मैदानावर रेफरीच्या डोळ्यांपुढे सतत एक मोजपट्टी पडलेली असते. आमच्याकडे ती पाऊस धुऊन नेतो. उरतात रेफरीची पावलं, आणि माझी पावलं लहान आहेत अशी तक्रार मी दोन्ही संघांकडून ऐकली आहे.

सुरुवातीला हे अंतर सहाच वार होतं. 1913 मध्ये ते दहा झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1914 मध्ये, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात खो-खोच्या नियमांना पहिली चौकट मिळाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण खो-खोकडे मला पुढे यायचं आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

नियम तसा सोपा आहे. चेंडू मारला जाऊन स्पष्ट हलेपर्यंत बचाव करणाऱ्या संघाचा प्रत्येक खेळाडू चेंडूपासून निदान 9.15 मीटर दूर असला पाहिजे. अपवाद एकच. चेंडू गोलाच्या त्याहून जवळ असेल, डीमध्ये इनडायरेक्ट फ्री किक मिळाली असेल, तर बचाव करणाऱ्यांना दोन खांबांच्या मध्ये आपल्या गोलरेषेवर उभं राहता येतं. तेव्हा अख्खा संघ रेषेवर दाटीवाटीनं उभा राहतो, आणि फुटबॉलमध्ये याहून विनोदी चित्र दुसरं नाही. बाकी कुठे, कसं उभं राहायचं यावर नियम काही बोलत नाही. आडवं पडलं तरी चालतं. 2018 मध्ये बार्सिलोनाविरुद्ध इंटर मिलानचा ब्रोझोविच भिंतीच्या मागे जमिनीवर पसरला आणि सुआरेझनं खालून सारलेला चेंडू त्याच्या अंगावर अडला. पुढे सगळ्यांनीच ती युक्ती उचलली. 2021 मध्ये पॅरिसच्या संघासाठी खुद्द मेस्सी असा आडवा पडला, तेव्हा कित्येकांना ते पाहवलं नाही. मला मात्र बरं वाटलं. तिथं निदान अंतर पाळून केलेली चतुराई होती.

दोन-तीन मीटर पुढे सरकल्यानं असा काय फरक पडतो, असं पोरं विचारतात, म्हणून एकदा वहीत आकडे मांडले. फ्री किक गोलाच्या बरोबर समोर, 20 मीटरवर आहे असं धरा. चौघांची भिंत खांद्याला खांदा लावून साधारण दोन मीटर रुंद होते. ती 9.15 मीटरवर असेल तर चेंडूच्या जागेवरून पाहता 7.32 मीटरच्या गोलापैकी सुमारे 4.4 मीटर झाकते. तीच भिंत सात मीटरवर आली तर झाकते 5.7 मीटर. सव्वा मीटरहून जास्त गोल नुसत्या सरकण्यानं खाल्ला. उंचीचंही तसंच. उडी मारणाऱ्या भिंतीवरून, म्हणजे जमिनीपासून 2.2 मीटरवरून, चेंडू काढायचा तर नियमाच्या अंतरावर तो साडेतेरा अंशांत उचलावा लागतो. सात मीटरवर सतरा अंशांहून जास्त. आणि इतका उचललेला चेंडू पुन्हा 2.44 मीटर उंचीच्या आडव्या दांड्याखाली उतरवायचा. ताशी 100 किलोमीटर वेगाच्या चेंडूला दहा वार कापायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, सात मीटरला चौथा. तेव्हा पुढे सरकणारा बचावपटू 'थोडंच' सरकतो असं कोणी म्हणू नये. जी वस्तू त्याच्या संघानं चुकीनं गमावली, ती तो पायाच्या अंगठ्यानं परत ओढत असतो.

यावर उपाय निघाला तो फवाऱ्याचा. रेफरीच्या कमरेला डबा, गवतावर पांढरा फेस, भिंतीनं त्याच्या पलीकडे जायचं नाही, आणि मिनिटाभरात फेस विरून जातो. 2014 च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात तो जगभर दिसला. चांगला उपाय आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो सरकणं थांबवतो, वेळ खाणं थांबवत नाही. उलट त्यानं या सगळ्या प्रकाराला एक विधी करून टाकलं. रेफरी चेंडूभोवती अर्धगोल काढतो, पावलं टाकतो, वाकतो, रेघ मारतो. सत्यनारायणाच्या पूजेत चौरंगाभोवती रांगोळी काढतात तेवढं सावकाश. ज्याला पटकन मारायचं होतं तो कमरेवर हात ठेवून प्रसादाची वाट बघतो.

खरं तर नियमात त्याच्यासाठी दार उघडं आहे. ज्या संघाला फ्री किक मिळाली त्याला वाटलं तर त्यानं अंतराची वाट न बघता लगेच मारावी. शिट्टीची गरज नाही. जवळ असलेल्या प्रतिस्पर्ध्यानं तो चेंडू अडवला तर तो मारणाऱ्याचा धोका, खेळ चालू. मात्र तो प्रतिस्पर्धी मुद्दाम मारण्याच्याच आड आला असेल तर पिवळं कार्ड. कागदावर किती नीट आहे हे. मैदानावर मात्र 'अडवला' आणि 'आड आला' यांच्यामधली रेघ फक्कीच्या रेघेसारखीच वाहून जाते. तो तिथं आधीपासून होता की मुद्दाम आला? आला तर चेंडू अडवायला आला की 'मी तर जागेवर परत चाललो होतो'? दीड हातावर हात वर करून उभा असलेला पोरगा हीच संधी साधत असतो. लाथ बसली तरी फायदा, मागितलं तरी फायदा.

या दाराची किंमत आपल्या देशात एकदा फार मोठ्या रकमेत मोजली गेली. 3 मार्च 2023, बंगळूरचं कंठीरवा स्टेडियम, इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना, बंगळूर विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळेच्या सुरुवातीलाच बंगळूरला डीजवळ फ्री किक मिळाली. केरळची भिंत अजून जुळत होती, गोली जागेवर नव्हता, आणि सुनील छेत्रीनं चेंडू सरळ रिकाम्या गोलात टाकला. रेफरी क्रिस्टल जॉननं गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपल्या खेळाडूंना मैदानाबाहेर बोलावलं, ते परत आले नाहीत, आणि सामना बंगळूरच्या नावावर लागला. छेत्रीनं नंतर सांगितलं ते असं: आपल्याला शिट्टीही नको आणि भिंतही नको, असं आपण रेफरीला सांगितलं होतं, ते केरळच्या लुनाच्या कानावर गेलं होतं, म्हणून तर त्यानं पहिला प्रयत्न अडवला. भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीनं केरळला चार कोटी रुपयांचा दंड लावला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली.

त्या आठवड्यात आमच्याकडच्या चहाच्या टपरीवरही, जिथं एरवी क्रिकेटशिवाय विषय नसतो, या गोलावर भांडणं झाली. बहुतेकांना केरळचा राग बरोबर वाटत होता. गोली तयार नसताना गोल करणं म्हणजे पाठीत वार, असं एकानं म्हटलं. (बघा, इथेही वार!) भावना समजते. पण तिच्या तळाशी एक गृहीत आहे, ते तपासायला हवं: भिंत बांधायला वेळ मिळणं हा बचाव करणाऱ्यांचा हक्क आहे. तो नाही. तेरावा नियम वाचून काढा, भिंत बांधू द्यावी असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. भिंतीचा उल्लेख येतो तोही 2019 पासून लागू असलेल्या एका कलमात. तिघांची किंवा त्याहून मोठी भिंत असेल तर हल्ला करणाऱ्यांनी तिच्यापासून एक मीटर दूर राहावं, धक्काबुक्की नको, एवढंच. भिंत ही सवड आहे, आणि ती सवड देतो तो रेफरी, तीही मारणाऱ्यानं थांबायचं ठरवलं तर. पिढ्यान्‌पिढ्या सवड मिळत गेली आणि तिला हक्काचा रंग चढला. आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यावर टाकलेल्या ओट्याचं होतं तसंच.

केरळचं हे पहिलंच उदाहरणही नव्हतं. 2004 च्या डिसेंबरात आर्सेनलच्या थिएरी ऑन्रीनं चेल्सीविरुद्ध असाच गोल केला. चेल्सीचा गोली चेक भिंत लावत होता, आणि रेफरी ग्रॅहम पोल यांनी ऑन्रीला आधीच विचारलं होतं, थांबायचं आहे की लगेच मारायचं आहे. 2007 च्या फेब्रुवारीत मँचेस्टर युनायटेडच्या रायन गिग्जनं लीलविरुद्ध तेच केलं, आणि लीलचे खेळाडूही बाहेर जायला निघाले होते. ते परत फिरले, एवढाच फरक. तिन्ही गोल वैध ठरले, तिन्ही वेळा आरडाओरडा झाला. आणि तिन्ही वेळा ज्यांनी चूक केली होती त्यांनाच फसवल्यासारखं वाटलं. नियमानं दिलेली गोष्ट कोणी खरोखर घेतली की ती घेणाराच लबाड दिसू लागतो. इतकी ती न घेण्याची सवय झालेली असते.

मान्य करायला हवं की केरळच्या बाजूनंही एक प्रश्न उरतो. रेफरी मारणाऱ्याशी जे बोलला ते सगळ्यांना कळलं होतं का? रेफरी थांबवणार आहे की नाही हे जर दोघांच्या कानगोष्टीवर ठरत असेल, तर उरलेल्या एकवीस जणांनी काय समजायचं? माझं उत्तर असं की कानगोष्टीची गरजच नसावी. फ्री किक मिळाली की ती लगेच मारता येते हेच साऱ्यांनी धरून चालावं. थांबायचं असेल तर रेफरीनं शिट्टी वर धरून तसं दाखवावं, जे आजही बहुतेक रेफरी करतात. जोवर शिट्टी वर गेलेली नाही तोवर चेंडूकडे पाठ करून भिंत मोजत बसणाऱ्या गोलीनं तक्रार करू नये.

वर्धा म्हटलं की गांधी येणारच. एका सामन्यानंतर एका पालकानं मला गमतीनं ऐकवलं, "सर, चेंडूसमोर उभं राहणारं पोरगं म्हणजे सत्याग्रहीच की! हात वर, मार म्हणते, हलत नाही." सेवाग्राम तिथून आठेक किलोमीटर, म्हणून टाळ्याही मिळाल्या. गंमत म्हणजे फुटबॉल आणि सत्याग्रह यांची गाठ खरोखर पडलेली आहे. गांधी दक्षिण आफ्रिकेत असताना तिथल्या हिंदी लोकांचा 'पॅसिव्ह रेझिस्टर्स' नावाचा फुटबॉल संघ होता. पण त्या पालकाची तुलना मला तेव्हाही खटकली आणि घरी जाऊन का खटकली ते कळलं. सविनय कायदेभंग करणारा शिक्षेसाठी उभा राहतो. मीठ उचललं, आता पकडा. चेंडूसमोरचा पोरगा शिक्षा होणार नाही या खात्रीनं उभा असतो. कार्ड दाखवलं की सगळ्यात जास्त आश्चर्य त्यालाच वाटतं.

खरा सत्याग्रही या नियमाच्या इतिहासात एकच झाला, आणि त्याला जगानं अडाणी ठरवलं. 22 जून 1974, पश्चिम जर्मनीतलं गेल्सेनकिर्खेन, झाईर विरुद्ध ब्राझील. ब्राझीलला फ्री किक मिळाली होती. रेफरीनं शिट्टी वाजवली, आणि ब्राझीलच्या कोणी पाऊल टाकायच्या आत झाईरच्या भिंतीतून म्वेपू इलुंगा धावत सुटला आणि चेंडू दूर भिरकावून दिला. ब्राझीलचे खेळाडू थक्क, समालोचक हसून बेजार. आफ्रिकेतल्या पोरांना नियमच ठाऊक नाहीत, अशी ती चित्रफीत पुढे कितीतरी वर्षं दाखवली गेली. इलुंगानं नंतरच्या मुलाखतीत सांगितलं की नियम त्याला चांगले माहीत होते. खेळाडूंना पैसे मिळाले नव्हते, आधीच्या सामन्यात युगोस्लाव्हियाकडून 0-9 हार झाली होती, देशात मोबुटूची राजवट होती, आणि आपल्या घामावर जगणाऱ्यांसाठी आपण का मरायचं, या रागानं त्यानं ते केलं. त्याला बाहेर काढलं जायला हवं होतं. रेफरीनं दिलं नुसतं पिवळं कार्ड. म्हणजे ज्या एका माणसानं तेरावा नियम उघड आणि शिक्षा मागून मोडला, त्याला तीसुद्धा पुरी मिळाली नाही. उरलेले हजारो तो रोज अर्ध्या पावलानं मोडतात आणि त्यांना अनुभवी खेळाडू म्हणतात.

मग करायचं काय? शिक्षा वाढवा, हे सहज सुचणारं उत्तर. इंग्लंडमध्ये 2000 नंतर काही हंगाम तोही प्रयोग झाला. बचाव करणारे मागे गेले नाहीत किंवा वाद घालत बसले तर फ्री किक आणखी दहा वार पुढे. रग्बीकडून उचललेली कल्पना. ती टिकली नाही, आणि कारण मजेदार आहे. फुटबॉलमध्ये पुढे जाणं दर वेळी फायद्याचं नसतं. 22 मीटरवरून भिंतीवरून वळवता येणारा चेंडू 13 मीटरवरून वळवता येत नाही, खाली उतरायला जागाच उरत नाही. शिक्षा झाली खरी, पण कोणाला ते कळेना.

हॉकीनं याहून शहाणपण दाखवलं. 2009 पासून तिथं फ्री हिट मिळालेला खेळाडू स्वतःच चेंडू घेऊन पळू शकतो. पाच मीटरच्या आत जो प्रतिस्पर्धी असेल त्यानं त्यात हात घालायचा नाही. त्यामुळे चेंडूजवळ उभं राहण्यात काही मिळेनासं झालं. उभा राहिलास तर राहा बापडा, तू तेवढा वेळ खेळातून बाद. कोणी मागितलं नाही, कोणी मोजलं नाही, आणि तरी माणसं आपोआप दूर जाऊ लागली.

आणि खो-खो. आपल्या मातीतला हा खेळ न्यायाच्या बाबतीत फुटबॉलच्या कितीतरी पुढे आहे, हे मी कौतुकानं म्हणत नाही, हिशेबानं म्हणतो. पाठलाग करणाऱ्यानं चूक केली, उशिरा खो दिला, दिशा मोडली, की पंच शिट्टी वाजवतो, पण खेळ थांबत नाही. चूक करणाऱ्याला उलट्या दिशेला वळावं लागतं, आणि तेवढ्या अवधीत पळणारा निसटून जातो. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई त्याच क्षणी मिळते, धावता धावता. अर्ज नाही, सुनावणी नाही. खो-खोत पळणारा कधी थांबून पंचाला "सर, मला माझं द्या" म्हणताना पाहिलंय का? म्हणायला थांबला तर तो बादच होईल.

हा प्रश्न मला फक्त मैदानापुरता वाटत नाही, हे कबूल करतो. आमच्या जिल्ह्यात 2024 पर्यंत कपाशीचं शेत पाण्याखाली गेलं तर पीकविम्यासाठी शेतकऱ्यानं 72 तासांच्या आत स्वतः कळवायचं असायचं. गुडघाभर पाण्यात उभं राहून, फोनला रेंज शोधत. नियमात वाईट हेतू नव्हता, कळवल्याशिवाय कळणार कसं? पण मागण्याचं ओझं ज्याचं गेलं त्याच्याच डोक्यावर, आणि घड्याळही त्याच्याच विरुद्ध चालू. हे मला फ्री किकसारखंच दिसतं. असो, हा विषय वेगळा आहे आणि मोठा आहे.

फुटबॉलचे नियम बदलत नाहीत असं म्हणायची सोय नाही. गोलीनं चेंडू हातात सहा सेकंदांहून जास्त धरू नये असा नियम होता, मोडला तर इनडायरेक्ट फ्री किक. तो कधीच लागू व्हायचा नाही, कारण शिक्षा फार मोठी वाटायची आणि रेफरीला डीमध्ये ती गर्दी नको असायची. 2025 मध्ये तो बदलला. आता आठ सेकंद, शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजून दाखवतो, आणि उल्लंघनाला थेट कॉर्नर. म्हणजे शिक्षा थोडी लहान केली आणि न चुकणारी केली. तेराव्या नियमालाही हेच औषध लागेल. चेंडू ठेवलेल्या जागेच्या दिशेनं प्रतिस्पर्ध्यानं एक पाऊल टाकलं की कार्ड, समजावणं नाही, 'पुढच्या वेळी देईन' नाही. आणि पटकन मारलेला चेंडू त्याच्या अंगावर आदळला तर तो आधी तिथं होता की नंतर आला हा तपास बंद. दहा वारांच्या आत त्यानं तो अडवला तर फ्री किक पुन्हा. यात काही वेळा निर्दोष माणूसही सापडेल. पाय घसरून तिथंच पडलेला, दुखापतीनं बसलेला. मारणारा मुद्दाम त्याच्या अंगावर चेंडू मारून कार्ड उकळेल, हा धोकाही खरा आहे, आणि त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. तरी आज जो धोका आहे तो रोज घडतो, हा अधूनमधून घडेल.

शेवटचं जे मैदान मी सांभाळलं ते मुलींच्या सामन्याचं. पाऊस नुकताच थांबलेला, कडेला छत्र्या धरून आयाबाया उभ्या. निळ्या जर्सीतल्या एका पोरीला मधल्या पट्ट्यात पाडलं. तिनं चेंडू ठेवला आणि पिवळ्या जर्सीतली एक लांबसडक पोरगी ठरल्याप्रमाणे समोर येऊन उभी राहिली, हात वर. मी सवयीनं पुढे निघालो. "मांगं घेऊ का तिले?" मी विचारलं. निळ्या जर्सीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "नको सर," आणि जीव खाऊन चेंडू समोरच्या पोरीच्या नडगीवर हाणला. चेंडू उडून थेट छत्र्यांमध्ये. लांब पोरगी पाय धरून खाली बसली. दोन्हीकडच्या बायका एकदम ओरडायला लागल्या, त्या दोघी पोरीही माझ्याकडे बघत होत्या, आणि माझा एक हात खिशातल्या कार्डावर होता, दुसरा शिट्टीवर.